मोघम फिर्याद टिकत नाही: कौटुंबिक हिंसाचाराच्या केसमध्ये पुरावा कसा उभा करावा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यातली सासरच्या छळाची फिर्याद उघडा, थोड्याफार फरकाने हेच वाक्य सापडेल: ‘लग्नानंतर सुरुवातीला काही दिवस चांगले नांदवले. त्यानंतर पती, सासू, सासरे, दीर व नणंद यांनी संगनमत करून, माहेरहून पैसे आणण्याच्या कारणावरून वेळोवेळी शिवीगाळ, मारहाण करून, उपाशीपोटी ठेवून शारीरिक व मानसिक छळ केला.’ त्या बाईवर नेमकं काय ओढवलं ते यातून कळत नाही. कुणी मारलं, कशाने मारलं, पैसे किती आणि कुणी मागितले? चार वर्षांनी उलटतपासात आरोपीचा वकील हेच विचारतो, तेव्हा बाई खरं तेच सांगते आणि तो म्हणतो, ‘हे तुम्ही पोलिसांना सांगितलेलं नाही. आज कोर्टात पहिल्यांदाच सांगताय.’

माझ्या मते या केसेस जितक्या खोटेपणाने पडत नाहीत तितक्या मोघमपणाने पडतात. समुपदेशन केंद्रात, संस्थेत किंवा वकिलाकडे ज्युनिअर म्हणून नुकतंच काम सुरू केलेल्यांनी हा लेख टप्प्याटप्प्याने वाचावा. त्रास सोसणाऱ्या बाईच्या हाती पडला तर तिलाही तो वापरता यावा.

आधी कोणत्या दाराने जायचं ते ओळखा

दोन वेगळे रस्ते आहेत. पहिला कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. यात कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई मागता येते. इथे कुणाला शिक्षा द्यायची नसते, त्यामुळे पुराव्याची पट्टी तुलनेने सैल असते. कलम २३ खाली तर प्रतिज्ञापत्रावरसुद्धा तात्पुरता आदेश मिळू शकतो.

दुसरा रस्ता फौजदारी खटल्याचा. सासरच्या छळाचं, जुन्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. त्याआधीच्या घटनांना जुनंच कलम लागतं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. इथे गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो.

कलम ८६ एकदा नीट वाचा. ‘क्रूरता’ म्हणजे एक तर आत्महत्येकडे ढकलेल किंवा जिवाला, शरीराला, मनाच्या आरोग्याला गंभीर इजा करेल असं जाणूनबुजून केलेलं वागणं, किंवा बेकायदा मागणी पुरी करून घेण्यासाठी केलेला छळ. तुमचा प्रत्येक कागद या दोहोंपैकी कशाला टेकू देतो, हे फाइल लावताना विचारत जा. एखादी थप्पड यात बसेलच असं नाही, पण ती साध्या दुखापतीच्या कलम ११५(२) मध्ये बसते. ते अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून ते ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून पाठवतात. एनसी मिळाली म्हणून निराश होणाऱ्या बायका खूप भेटतील. त्यांना सांगा, कागद जपून ठेवा. एकाच नवऱ्याविरुद्ध दोन वर्षांत चार एनसी असतील, तर कलम ८५ चा सिलसिला दाखवायला त्याच उपयोगी पडतात.

दोन्ही रस्ते एकाच वेळी धरता येतात. पण दोन्हीकडची हकिकत जुळली पाहिजे. पोटगीच्या अर्जात ‘मे महिन्यात घराबाहेर काढलं’ आणि फिर्यादीत ‘जुलैमध्ये’ असं लिहिलं गेलं, की समोरच्याला आयतं कोलीत मिळतं. अर्ज वेगवेगळे वकील लिहीत असतील तर हे हमखास घडतं, म्हणून जुना प्रत्येक कागद नव्या वकिलाच्या हाती आधी द्या.

जिवाच्या मोलाने पुरावा नको

बाई अजून त्याच घरात राहत असेल तर पहिला प्रश्न हा: हा कागद किंवा हा फोटो त्याच्या हाती लागला तर काय होईल? डायरी गादीखाली ठेवायला सांगू नका. फोन नवऱ्याने घेऊन दिलेला असेल, गुगल खातं त्यानेच उघडलेलं असेल, तर तिने काढलेला फोटो त्याच्या फोनवरही दिसू शकतो. व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून, तिचं खातं दुसऱ्या कुठल्या फोनला किंवा संगणकाला जोडलंय का, ते बघायला शिकवा. कागद माहेरी, मैत्रिणीकडे किंवा केंद्राच्या कपाटात असावेत. अंगावर येतोय तेव्हा रेकॉर्डिंग चालू करणं हे तिचं काम नाही. दाराकडे पळणं आणि ११२ फिरवणं हे आहे. त्या कॉलची वेळ आपोआप नोंदवली जाते, आणि मदतीला पोलीस आले तर त्यांचीही नोंद होते. पुढे ती नोंद मागवता येते.

घटना लिहून काढा: पहिली, सगळ्यात वाईट, शेवटची

दहा वर्षांचा त्रास एका बैठकीत सांगता येत नाही. ‘रोजच मारतो हो, काय काय सांगू’ हे उत्तर खरंच असतं. अशा वेळी तीन घटनांपासून सुरू करा: पहिल्यांदा हात उचलला ती, सगळ्यात भयंकर ती, आणि अगदी अलीकडची. या तीन नीट लिहून झाल्या की मधल्या आपोआप आठवू लागतात.

प्रत्येक घटनेसाठी जागा, वेळ, कोण हजर होतं, कशावरून सुरू झालं, त्याचे शब्द, कशाने आणि शरीरावर कुठे मारलं, नंतर ती कुठे गेली, कुणाला सांगितलं, हे विचारा. शब्द तिचेच ठेवा. शिवी दिली असेल तर शिवी लिहा. ‘अर्वाच्य भाषेत शिवीगाळ’ असं सोवळं वाक्य कोर्टात काही सिद्ध करत नाही.

तारीख आठवत नाही, ही नेहमीची अडचण. थेट तारीख विचारूच नका. सण विचारा, शेतीचं काम विचारा, मुलाची इयत्ता विचारा, धाकट्याचा डोस विचारा. ‘गौरीजेवणाच्या दिवशी, पाहुणे गेल्यावर’ असं उत्तर आलं की कॅलेंडर उघडून तारीख काढता येते. भिंतीवरचं जुनं कालनिर्णय फेकू देऊ नका. दूध किती घेतलं, गॅस कधी आला, पाळी कधी आली, हे बायका त्यावरच टिपतात, आणि ‘आईकडे गेले’, ‘परत आले’ हेही त्यात सापडतं. बचतगटाच्या बैठकीची वही, शाळेतली गैरहजेरी, एसटीचं तिकीट, फोन-पेचा व्यवहार या सगळ्यांवर तारीख असते.

सुरुवातीला दाखवलेलं वाक्य मग असं होतं: ‘गौरीजेवणाच्या दिवशी रात्री साधारण साडेनऊला स्वयंपाकघरात पतीने, तुझ्या बापाने ट्रॅक्टरचे दोन लाख अजून का दिले नाहीत, असे म्हणून लाटण्याने माझ्या डाव्या दंडावर दोनदा मारले. सासू दारात उभी होती, ती म्हणाली, अजून दे. त्याच रात्री मी शेजारच्या काकूंकडे गेले व तेथून आईला फोन केला.’ यात तपासायला चार जागा आहेत: दंड, सासू, काकू, फोन. तपासी अंमलदाराला यापुढे काम करता येतं.

सासूने काय केलं ते इथे वेगळं आलं, हेही बघा. सगळ्या खानदानाची नावं एकाच वाक्यात ओवण्याची सवय महागात पडते. परगावी राहणारी नणंद दिवाळीला एकदा आली असेल तर तिचं नाव कशासाठी? सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये कहकशां कौसर विरुद्ध बिहार राज्य आणि डिसेंबर २०२४ मध्ये दारा लक्ष्मी नारायण विरुद्ध तेलंगणा राज्य या प्रकरणांत अशा सरसकट, तपशील नसलेल्या आरोपांवरचे गुन्हे रद्द केले. ‘जास्त नावं टाकली की ते दबतात’ असा सल्ला देणारे गावोगाव भेटतात. त्यांचं ऐकू नका. एक नाव उगाच आलं की खऱ्या नावांवरचा विश्वासही जातो.

आठवत नसेल तर ‘नक्की तारीख आठवत नाही, पण धाकटा पहिलीत होता’ असं लिहा. अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका.

दवाखान्याचा कागद

इथे थोडं थांबूया, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

नवराच दवाखान्यात घेऊन येतो, शेजारी उभा राहतो, आणि बाई सांगते, ‘बाथरूममध्ये पाय घसरला.’ केसपेपरवर तेच उतरतं. पुढे तो केसपेपर बचावपक्ष अभिमानाने दाखल करतो. म्हणून डॉक्टरांना किंवा नर्सला एकटं भेटण्याची सोय करा, आणि ‘पतीने मारले असे रुग्ण सांगते’ ही नोंद मागा. आधी खोटं कारण सांगितलं गेलं असेल तर ते लपवू नका. तो शेजारी उभा होता म्हणून तसं सांगितलं, हे जबाबातच येऊ द्या. कोर्टाला हे समजतं. लपवलेलं उघडं पडलं तर मात्र समजत नाही.

सरकारी रुग्णालयात अशा इजेची ‘एमएलसी’, म्हणजे पोलीस केस होऊ शकेल अशा इजेची (मेडिको-लीगल) नोंद होते. ठाण्यात आधी गेलात तर पोलीस वैद्यकीय तपासणीची ‘यादी’, म्हणजे डॉक्टरांना लिहिलेलं पत्र देतात, ती घेऊन जायचं. यादी नाही म्हणून उपचार अडत नाहीत. २००५ च्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे पीडित स्त्रीला वैद्यकीय मदत देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं ते याच विचाराने. मार खाल्लेली बाई पोलिसाआधी डॉक्टरकडे पोहोचते, म्हणून ओळखायची आणि नोंदवायची जागाही तीच.

काळंनिळं व्रण पहिल्या दिवशी नीट दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते गडद होतं, मग हिरवट, पिवळसर पडतं. फोटो रोज काढा, उजेडात, फ्लॅशशिवाय. एक फोटो चेहऱ्यासकट लांबून, एक जवळून, आणि एकात शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. फाटलेला ब्लाउज, तुटलेलं मंगळसूत्र, रक्ताचा टॉवेल धुऊ नका. वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते.

गळा दाबल्याचं वेगळं विचारा. बाया ते आपणहून सांगत नाहीत, ‘फक्त धरला होता’ म्हणतात. गळ्यावर बाहेरून काहीच न दिसताही आत इजा असू शकते. आवाज बसला का, गिळताना दुखतं का, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके आले का, डोळ्यांपुढे अंधारी आली होती का, त्या वेळी कपड्यात लघवी झाली का, हे विचारा आणि डॉक्टरांना लिहायला सांगा. हा जिवावरचा प्रकार आहे. अशा बाईला त्याच रात्री घरी पाठवू नका.

झोप न लागणं, घाबरं होणं यासाठी मानसोपचार घेतले असतील तर ती चिठ्ठीही फाइलमध्ये जाते. ‘वेडी ठरवतील’ ही भीती खरी आहे आणि समोरचा तसा प्रयत्न करतोही. पण कलम ८६ मध्ये मनाच्या आरोग्याचा उल्लेख आहे, आणि त्याचा पुरावा याच चिठ्ठ्यांत असतो.

मोबाइलमधलं

स्क्रीनशॉट सगळेच काढतात. तो आठवणीसाठी ठीक, पुरावा म्हणून कच्चा. मूळ संदेश मूळ फोनमध्ये राहू द्या. फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, आपोआप पुसले जाणारे संदेश बंद करा. चॅट ‘एक्स्पोर्ट’ करून सुरक्षित मेलवर पाठवा. फोटो व्हॉट्सॲपने पुढे पाठवला तर त्याचा दर्जा घटतो आणि मूळ तारखेची माहिती निघून जाते, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हॉइस नोट ऐकून शब्दशः लिहून काढा, वेळ टाका.

प्रिंट किंवा पेनड्राइव्ह कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यात हे ६५-ब होतं. हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पक्कं केलं ते जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. आमदारकीच्या भांडणातला हा निकाल आज सासरी मार खाणाऱ्या प्रत्येक बाईच्या फाइलला लागू पडतो, ही गंमतच. मूळ फोनच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केला तर प्रमाणपत्र लागत नाही. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत: एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकाने काढलेला आकडा) लिहावी लागते. हे काम खटला उभा राहीपर्यंत लांबवू नका.

तिने स्वतःच्या संभाषणाचं केलेलं रेकॉर्डिंग चालतं का? पती-पत्नीमधलं बोलणं गोपनीय, हा नियम आहे. पण एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याच्या खटल्यात तो आड येत नाही. घटस्फोटाच्या दाव्यातही असं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग पुराव्यात घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विभोर गर्ग विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं. त्याच्या फोनचा पासवर्ड फोडणं, त्यात हेरगिरीचं ॲप टाकणं ही गोष्ट वेगळी. त्यात तीच आरोपी होऊ शकते.

पैसे आणि स्त्रीधन

मागणीचा पुरावा बहुतेक वेळा बापाच्या पासबुकात असतो. दोन लाख मागितले म्हणता, तर त्या सुमारास त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं का, पीएफमधून उचल घेतली का, सोनं गहाण टाकलं का? ती पावती आणि मागणीची तारीख शेजारी शेजारी ठेवा. लग्नाच्या बैठकीत केलेली ‘याद’ (देण्याघेण्याची लेखी यादी) सापडली तर सोन्याहून पिवळं. सोनाराच्या पावत्या, लग्नाचा व्हिडिओ, आहेराची वही यांवरून स्त्रीधनाची, म्हणजे तिच्या स्वतःच्या मालकीच्या दागिन्यांची आणि वस्तूंची यादी करा आणि प्रत्येक दागिना शेवटचा कुणाच्या ताब्यात होता ते लिहा. हुंडा देणं हाही गुन्हा, म्हणून वडील बोलायला कचरतात. हुंडाबंदी कायद्याच्या कलम ७(३) प्रमाणे पीडिताने दिलेल्या जबाबावरून त्याच्यावरच खटला होत नाही, हे त्यांना समजावून सांगा.

पोलीस ठाण्यात

माहेरी आलेल्या बाईला ‘जिथे घडलं तिथे जा’ म्हणून परत पाठवतात. तसं करता येत नाही. आसरा घेतलेल्या ठिकाणीही ४९८-अ ची फिर्याद चालते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रुपाली देवी निकालात २०१९ मध्ये ठरलं. शिवाय गुन्हा शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. फार उशीरही नको. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला तीन वर्षांचीच मुदत असते.

लिहून काढलेल्या घटना सोबत न्या. फिर्याद टाइप होताना ठाणे अंमलदार स्वतःच्या सवयीची वाक्यं टाकतो, त्यात बहुतेकदा वाईट हेतू नसतो. सही करण्यापूर्वी पूर्ण वाचून घ्या, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचायला सांगा, ‘वेळोवेळी’ दिसलं की थांबवा आणि घटना घालून घ्या. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. काही राहून गेलं तर पुरवणी जबाब लगेच द्या. महिन्यांनी दिलेला ‘नंतर सुचलेला’ ठरतो. शेजारच्या काकू, आई, ज्या मैत्रिणीला त्याच रात्री मेसेज केला ती, यांचे जबाब घेण्यासाठी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोसायटीच्या किंवा दुकानाच्या सीसीटीव्हीचं चित्रण थोड्याच दिवसांत पुसलं जातं, तो अर्ज त्याच दिवशी.

बऱ्याच ठिकाणी गुन्ह्याआधी महिला कक्षात समुपदेशन होतं, नवरा ‘यापुढे त्रास देणार नाही’ असं लिहून देतो आणि बाई नांदायला जाते. पोलिसासमोरची कबुली फौजदारी खटल्यात पुरावा होत नाही, त्यामुळे त्या कागदावर भिस्त नको. पण अर्ज कोणत्या तारखेला दिला, त्यात काय लिहिलं, हे उपयोगाचं असतं. ‘इतका उशीर का’ या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

२००५ च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडून घटनेचा अहवाल भरून घ्या. अहवाल नसला तरी न्यायदंडाधिकारी आदेश देऊ शकतात. पण नीट भरलेला अहवाल असला की तात्पुरता आदेश मागताना वकिलाचं काम हलकं होतं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही.

साक्षीच्या आधी

साक्षीचा समन्स येईपर्यंत वर्षं उलटलेली असतात. आदल्या आठवड्यात तिला तिचाच जबाब वाचून दाखवा. पढवू नका. पढवलेली साक्ष दोन प्रश्नांत उघडी पडते. सरकारी वकिलांना भेटून कागदांची यादी द्या. त्यांच्याकडे फाइलींचा ढीग असतो आणि तुमचा मूळ फोन कुठे आहे हे त्यांना तुम्हीच सांगायचं असतं.

उलटतपासाचे नेहमीचे प्रश्न आधीच बोलून घ्या. ‘मारत होता तर महाबळेश्वरला कशा गेलात? फोटोत तर हसताय.’ गेले, कारण मुलं मागे लागली होती. हसले, कारण फोटो काढत होते. खरं आणि लहान उत्तर पुरतं. ‘आठवत नाही’ हेही उत्तर आहे. आई-भाऊ हितसंबंधी असले तरी तेवढ्यावरून त्यांची साक्ष फेकली जात नाही, आणि साक्षीदार किती हवेत असा आकडा कायद्यात नाही. मुलांना साक्षीत ओढायचा मोह होतो. दुसरा पुरावा असेल तर मी ते टाळायला सांगेन.

आदेश मोडला तर

संरक्षण आदेशाची प्रत विनामूल्य मिळते आणि ठाण्यालाही पाठवली जाते, पण ती पोहोचली का हे स्वतः जाऊन बघा. आदेश असताना नवरा दारात आला, फोन केला, कामाच्या ठिकाणी गाठलं, तर २००५ च्या कायद्याच्या कलम ३१ खाली तो वेगळा गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ३२ प्रमाणे हा गुन्हा झाला असा निष्कर्ष कोर्ट एकट्या पीडितेच्या साक्षीवरूनही काढू शकतं. म्हणून तो येऊन गेल्यावर लगेच, घड्याळ बघून, वेळ, जागा आणि त्याचे शब्द तिने लिहून ठेवावेत, त्याच दिवशी ठाण्यात अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.